दुकानातील पिल्लू आणि आपली जबाबदारी

संस्थेच्या महोत्सवी अंकात शिष्यवृत्त्यांचा हिशेब असावा, देणगीदारांची नामावली असावी, संस्थापकांच्या आठवणी असाव्यात. तेथे कुत्र्याच्या पिल्लांवर लेख कशासाठी, असे पुष्कळ वाचकांच्या मनात येईल. आम्ही हा विषय सुचविला तेव्हा संपादक मंडळातील एका स्नेह्यांनीही हसून हेच विचारले. त्यांना आम्ही आमच्या घरची एक हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर ते म्हणाले, ‘‘हेच लिहा.’’ म्हणून प्रारंभी तीच हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या मुलाने वाढदिवसाला कुत्र्याचे पिल्लू मागितले. शाळेतील त्याच्या मित्राकडे एक उंची जातीचे पिल्लू आले होते, तेव्हा आपल्याकडेही तसेच हवे. आम्ही शहरात गेलो. दुकानाच्या दर्शनी काचेमागे चार पिल्ले होती. त्यांतले एक फिकट पिवळ्या रंगाचे लॅब्रॅडॉर आम्ही पसंत केले, सांगितली ती किंमत मोजली, पावती घेतली आणि दुकानदाराने दिलेल्या खोक्यात घालून ते डिचोलीस घरी आणले. मुलाने त्या रात्री झोप म्हणून घेतली नाही.

चौथ्या दिवशी पिल्लाने दूध टाकले. पाचव्या दिवशी वांत्या सुरू झाल्या आणि मग रक्ताचे जुलाब. पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी पिल्लाला सलाइन लावता लावता आम्हांस तीन साधे प्रश्न विचारले. ‘‘याची आई कोठे आहे? याचे वय नेमके किती? याला पहिली लस कोणी आणि कधी टोचली?’’ आमच्यापाशी तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नव्हते. खिशात होती ती फक्त पावती. नवव्या दिवशी पिल्लू गेले.

येथे हकीकत संपली असती तर तिला आम्ही आमचे दुर्दैव म्हटले असते. परंतु पुढे जे झाले ते आमचे कर्म होते. शेजारच्या वाड्यावर एका वृद्ध गृहस्थांच्या गोठ्यात त्यांची गावठी कुत्री व्यालेली होती. आमची मुले दोन्हीकडे खेळत. पंधरवड्याच्या आत त्या गोठ्यातील पाचपैकी चार पिल्ले त्याच रोगाने गेली. हा रोग पार्वो नावाच्या विषाणूचा. तो १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. रोगी जनावराच्या विष्ठेतून तो जमिनीत जातो, तेथे कित्येक महिने टिकतो आणि माणसाच्या चपलेबरोबरही एका अंगणातून दुसऱ्या अंगणात पोहोचतो. त्या गृहस्थांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. उरलेले पाचवे पिल्लू मात्र त्यांनी आमच्याच मुलाच्या हाती दिले. ते आज आमच्या पडवीत झोपते.

या प्रसंगानंतर आम्ही त्या तीन प्रश्नांच्या मागे लागलो. जे समजले ते सभासदांस व त्यांच्या कुटुंबांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वीची रीत

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आपल्या पिढीजात घरांत कुत्रा ही विकत आणावयाची वस्तू नव्हती. कोणाच्या तरी गोठ्यात किंवा गवताच्या कुडीच्या आडोशाला कुत्री व्यायची. पिल्ले डोळे उघडून अंगणात धडपडू लागली की गरजू माणूस जाऊन एक निवडायचा. कोणाला कुळागरात वानरे हाकावयास कुत्रा हवा असे, कोणाला काजूच्या बागेत, कोणाला रात्री दाराशी. त्याचे मोल कोणी विचारीत नसे. आई समोर दिसे, तिचा स्वभाव गावाला ठाऊक असे, आणि पिल्लू नीट खाऊ लागल्यावाचून ते कोणी कोणाला देत नसे. पशुवैद्यांनी विचारलेल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी आपोआप मिळत.

त्या काळी सर्व काही चांगलेच होते असे आम्ही म्हणणार नाही. लस नव्हती, पिसाळलेल्या कुत्र्याचे भय मोठे होते, आणि नको असलेली पिल्ले पोत्यात घालून ओहोळापलीकडे सोडून येणारेही होते. पण प्राण्याच्या जन्माचा व्यापार नव्हता. साखळीच्या दत्तमंदिरात हात जोडताना दत्तगुरूंच्या पायाशी उभे असलेले चार श्वान आपण लहानपणापासून पाहिले आहेत. जाणत्यांनी त्यांना चार वेद मानले. धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवण्याचे नाकारले, ही महाभारतातील कथा आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितली आहे. ज्या समाजाची ही शिकवण, त्याने पिंजऱ्यातील पिल्लाकडे नुसती हौस म्हणून पाहावे काय?

हौस कशी वाढली

गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या भागाचे रूप पालटले. डिचोलीच्या पट्ट्यात खाणींचा पैसा आला आणि खाणी थांबल्या तेव्हा ओढाताणही आली. पेडण्याच्या किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल येथे पर्यटक वाढले. मोप येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. डोंगरउतारावर बंगले उठले, फाटके आली, आणि फाटकाआड एखादा उंची जातीचा कुत्रा असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले.

जाहिरातींनी या हौसेला खतपाणी घातले. २००३ साली हच या टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागून चालणारा पग जातीचा लहानसा कुत्रा दाखविला गेला, आणि देशभर पगच्या पिल्लांना एकाएकी मागणी आली. चित्रपटात दिसला म्हणून हस्की, शेजाऱ्याकडे आला म्हणून जर्मन शेफर्ड, धाक बसावा म्हणून रॉटवायलर, अशी ही यादी वाढतच गेली. मागणी आली की पुरवठा करणारे येतातच. प्रश्न असा की कुत्र्याचे पिल्लू हे काही बिस्कीट नव्हे. मागणी दुप्पट झाली म्हणून भट्टी दुप्पट पेटविता येत नाही. मग हा पुरवठा होतो कसा?

काचेमागे काय असते

आता पहिला प्रश्न घेऊ. पिल्लाची आई कोठे आहे?

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. साधारणपणे वर्षातून दोनदा ती माजावर येते. ज्याला केवळ विक्रीसाठी पिल्ले हवीत तो प्रत्येक माजाला तिला लावतो. एक वेत संपते न संपते तोच दुसरे. अंगावरची झीज भरून निघण्यास उसंत मिळत नाही. अशी कुत्री बहुधा अरुंद पिंजऱ्यात, दिवसाचा उजेडही नीट न दिसणाऱ्या खोलीत आपले आयुष्य काढते. पिल्ले देणे थांबले की तिचा उपयोग संपतो आणि पुष्कळदा ती रस्त्यावर येते. गिऱ्हाइकाने तिला पाहिले तर विक्री होणार नाही, म्हणून ती कधी दाखविली जात नाही. दुकानाची सोय नेमकी याचसाठी असते. पैदास एका गावी, दलाल दुसऱ्या गावी आणि दुकान तिसऱ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

दुसरा प्रश्न वयाचा. पिल्लू जितके लहान तितके ते गोजिरवाणे, आणि गोजिरवाणे तितके लवकर खपणारे. म्हणून चार-पाच आठवड्यांचे पिल्लूही आईपासून तोडून पुढे धाडले जाते. वास्तविक तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने हा पिल्लाच्या शिक्षणाचा काळ होय. खेळताना किती जोराने चावले म्हणजे भावंड ओरडते, आई कधी गुरगुरते, माणसाचा हात म्हणजे भय की माया, हे सारे ते याच काळात शिकते. जे पिल्लू हा काळ खोक्यात आणि पिंजऱ्यात काढते ते पुढे भित्रे तरी होते किंवा चावरे तरी. मग आपण म्हणतो, ‘‘जातच वाईट निघाली.’’

तिसरा प्रश्न लशीचा, आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. गाय व्याल्यानंतर पहिल्या दिवसांतील ज्या चिकाचा आपण खरवस करतो, तसाच चीक कुत्रीलाही येतो. त्यातून पिल्लाला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. ही उसनी शक्ती सुमारे सहाव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू ओसरत जाते. अडचण अशी की जोवर ती शिल्लक असते तोवर ती टोचलेल्या लशीलाही निष्प्रभ करते. म्हणजे मधले काही दिवस असे येतात की आईची शक्ती रोग अडविण्यास पुरत नाही, पण लस लागू होऊ देत नाही. म्हणूनच पशुवैद्य सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देतात आणि पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा देतात. एकदा टोचले की झाले, असे नसते.

आता विचार करा. नेमक्या याच नाजूक काळात चार गावांची, चार आयांची पिल्ले रात्रीच्या प्रवासाने थकवून एकाच पिंजऱ्यात ठेवली जातात. त्यांतील एकाला पार्वो किंवा डिस्टेंपर असला तर बाकीच्यांना लागण्यास वेळ तो किती? पार्वोची लक्षणे दिसण्यास काही दिवस जातात. तोवर पिल्लू विकले गेलेले असते. दुकानदार म्हणतो, ‘‘आमच्याकडे होते तोवर ठणठणीत होते.’’ आणि तो पुष्कळदा खोटेही बोलत नसतो.

जातीचा कागद

‘‘आम्हांस कागदपत्रांसह पिल्लू मिळाले,’’ असे काही स्नेही अभिमानाने सांगतात. केनेल क्लबचा दाखला हा वंशावळीचा दाखला असतो. आजोबा-पणजोबा कोण हे त्यावरून कळते. प्रकृती कशी आहे हे कळत नाही. जात शुद्ध राखण्यासाठी जवळच्या नात्यात वारंवार पैदास केली की दोष साठत जातात. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड यांस खुब्याच्या सांध्याचा विकार पुष्कळ आढळतो. पगचे नाक माणसाने हौसेखातर इतके चपटे करून ठेवले आहे की त्याला श्वास घेणे हेच काम होऊन बसते. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो. ज्याला धापही नीट टाकता येत नाही, त्याची वैशाखात पेडण्यात काय गत होत असेल? हस्की तर सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला. त्याच्या अंगावर केसांचे दुहेरी पांघरूण, आणि आपल्याकडे मे महिन्याचा उकाडा व त्यामागून चार महिन्यांची ओल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी या कागदाची अवस्था आहे.

कायदा काय म्हणतो

या बाबतीत देशात कायदा नाही असे कोणी समजू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० साली, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आदल्या वर्षी झाला. त्यामागे राज्यसभेच्या सदस्या आणि थोर नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची खटपट होती. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९७६ च्या घटनादुरुस्तीने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले.

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. कुत्री अठरा महिन्यांची होण्यापूर्वी तिला लावता येत नाही, आठ वर्षांनंतरही नाही. वर्षातून एकापेक्षा अधिक वेत घेता येत नाही, आणि सर्व आयुष्यात पाचांपेक्षा अधिक नाही. पिल्लाची लस टोचलेली असावी, त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसविलेली असावी आणि या सर्वांची नोंदवही असावी. पुढे २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नियम आले. दुकानाची नोंदणी, जागा, स्वच्छता, पाणी, वैद्यकीय देखभाल आणि नोंदी यांची बंधने त्यांत आहेत.

नियम चांगले आहेत. पण नियमास दात लागतात. मूळ १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड लिहिलेला आहे. पन्नास रुपये म्हणजे आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखाद्या मोठ्या नारळाचे मोल! ज्याला एका पिल्लामागे हजारो रुपये मिळतात त्याला या दंडाचा धाक तो काय वाटणार? शिवाय नोंदणी दुकानाची तपासता येते. परगावी कोणाच्या घराच्या मागच्या खोलीत किती कुत्र्या डांबल्या आहेत हे निरीक्षकास कसे दिसावे? आजकाल तर दुकानही लागत नाही. मोबाइलवर चित्र पाहावयाचे, पैसे पाठवावयाचे आणि पहाटे बसच्या थांब्यावर खोके उतरवून घ्यावयाचे.

इतर देशांनी काय केले

याच अडचणीचा विचार करून काही देशांनी मुळावरच घाव घातला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतील पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकणे बंद झाले. पिल्लू घ्यावयाचे तर पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन, आई समोर पाहून घ्यावे, नाहीतर अनाथ प्राण्यांच्या आश्रमातून आणावे. या कायद्याला लोक ‘लूसीचा कायदा’ म्हणतात. लूसी ही वेल्समधील एका पैदासखान्यातून २०१३ साली सोडविलेली कुत्री. पिंजऱ्यात राहून राहून तिचा कणा वाकला होता. २०१६ साली ती वारली. पण तिचे नाव कायद्याला लाभले.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०१९ पासून दुकानांना पैदासखान्यांतील कुत्री, मांजरे व ससे विकण्यास मनाई केली आणि आश्रमातील प्राण्यांपुरती मोकळीक ठेवली. न्यूयॉर्क राज्याने १५ डिसेंबर २०२४ पासून तोच मार्ग धरला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतून कुत्री-मांजरे विकता येत नाहीत. या सर्व कायद्यांचे मर्म एकच आहे: आई दिसली पाहिजे. आमच्या पशुवैद्यांचा पहिला प्रश्न त्या देशांनी कायद्यात घातला, एवढेच.

काही शंका

आपल्या सभासदांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून पहिली शंका पोटापाण्याची. दुकानदाराने खावे काय? याचे उत्तर सोपे आहे. प्राण्यांच्या दुकानाची मिळकत खाद्य, पट्टे, भांडी, औषधे, साबण यांवरही होते. पिल्लू एकदाच विकले जाते. खाद्य दर महिन्याला लागते. पिल्ले विकावयाचे सोडून आश्रमातील अनाथ पिल्लांची ओळख दुकानात करून दिली तर गिऱ्हाईक तुटत नाही, उलट बांधले जाते. आपल्या वाडवडिलांनी तराजूला नमस्कार करून दुकान उघडले. ज्या मालाची पैदास गिऱ्हाइकाला दाखविता येत नाही तो माल ठेवू नये, हे त्यांनाही पटले असते.

दुसरी शंका मन द्रवणाऱ्यांची. ‘‘त्या बिचाऱ्या पिल्लाला आम्ही पिंजऱ्यातून सोडविले, यात वाईट काय?’’ आम्हांसही त्या दिवशी तसेच वाटले होते. परंतु रिकामा झालेला पिंजरा आठवड्यात भरतो, आणि तो भरण्यासाठी कोठेतरी एक कुत्री पुन्हा व्यावी लागते. पिल्लू सुटते, आई अडकते.

तिसरी शंका, ‘‘घर राखावयास जातिवंत कुत्रा नको काय?’’ राखण करण्याची शक्ती किमतीवर अवलंबून नाही. आपला गावठी कुत्रा या हवेत शेकडो पिढ्या तावूनसुलाखून निघाला आहे. त्याची कातडी, त्याचे पोट, त्याचे कान सारे या मातीचे आहेत. शिवाय धाकासाठी आणलेला उग्र कुत्रा घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवरही उलटू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणे येथे पिटबुल जातीच्या कुत्र्याच्या हल्ल्यात एक सात वर्षांचा मुलगा दगावला. त्या घरचे दुःख आठवले की राखणीच्या गप्पा जिभेवर येत नाहीत.

चौथी शंका, ‘‘सर्वच पैदास करणारे वाईट का?’’ नाही. आपल्या कुत्र्यांना घरच्यांसारखे वागविणारे, वर्षा-दोन वर्षांतून एखादे वेत घेणारे आणि पिल्लू देण्यापूर्वी तुमचीच उलटतपासणी करणारे लोकही आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण असा माणूस आपले पिल्लू अनोळखी दुकानात काचेमागे मांडावयास धाडीत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून आमचा विरोध दुकानातील विक्रीला आहे.

गोव्याची कमाई राखावी

या प्रश्नाला गोव्यापुरती आणखी एक बाजू आहे. २०१३ पासून सरकारच्या पशुसंवर्धन खात्याच्या सहकार्याने ‘मिशन रेबीज’ या संस्थेने येथे पिसाळ रोगाविरुद्ध मोठी मोहीम चालविली. लस टोचणारी पथके वाडीवाडीतून जाळी घेऊन फिरली. वर्षाला पंच्याण्णव हजारांहून अधिक कुत्र्यांस लस देण्यात आली आणि दीड लाख मुलांपर्यंत शाळांतून माहिती पोहोचली. २०१९ पर्यंत कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी उतरले आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ साली गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. आपल्या लहानपणी ज्या रोगाच्या नावाने अंगावर काटा येई, त्याला या चिमुकल्या राज्याने मागे हटविले.

पेडणे आणि डिचोली हे सीमेवरचे तालुके. एकीकडे सावंतवाडी, दुसरीकडे दोडामार्ग. बाहेरून खोक्यात येणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रेबीजची लस बहुधा टोचलेली नसते, कारण ती साधारणपणे तीन महिन्यांच्या वयात देतात. त्याची आई कोठली, तिला काय झाले होते, कोणास ठाऊक नाही. हा रोग अंगात आठवडे, कधी महिनेही लपून राहतो. इतक्या कष्टाने मिळविलेले यश एखाद्या खोक्यातून गमावणे शहाणपणाचे होईल काय?

आणि ज्यांना पिल्लू हवे आहे त्यांच्यासाठी पिल्लांची वाण आहे थोडीच! हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामात पाहुणे पिल्लांना गोंजारतात, खाऊ घालतात. जून उजाडला की झोपड्या मोडल्या जातात, पाहुणे जातात आणि कालपर्यंत मासे खाणारे कुत्रे पावसात उपाशी फिरते. हौसेने विकत घेतलेली उंची जातीची कुत्रीही म्हातारी किंवा आजारी झाली की रस्त्याकडेला सोडलेली आढळतात. पाळीव प्राण्यास असे टाकून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. रस्त्यावर पिल्ले अन्नाविना मरत असताना पिंजऱ्यात नवी पैदा करावयाची, हा कुठला व्यवहार?

आपण काय करावे

आमच्या सभासद बंधुभगिनींस काही नम्र सूचना कराव्याशा वाटतात.

वाढदिवस, मुंज किंवा परीक्षेतील यश यांची भेट म्हणून पिल्लू देऊ नये. कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो. आज तिसरीत असलेला मुलगा महाविद्यालयात जाईल तेव्हाही तो दाराशी असणार आहे. त्याला पेज कोण घालणार, पावसाळ्यात गोचिडी कोण काढणार, चतुर्थीला सारे घर मूळ गावी गेल्यावर त्याच्यापाशी कोण राहणार, हे आधी ठरवावे. ठरत नसेल तर पिल्लू आणू नये. त्यात कमीपणा नाही.

आणावयाचे ठरले तर आधी आपला वाडा पाहावा, मग प्राण्यांचा आश्रम. तेथेही मन मानत नसेल आणि एखादी जातच हवी असेल, तर आई पाहिल्यावाचून, नोंदणी क्रमांक विचारल्यावाचून आणि लशीचे पुस्तक पशुवैद्यांच्या सहीशिक्क्यासह हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. ‘‘आई येथे नाही,’’ असे उत्तर आले की नमस्कार करून परत फिरावे. मोबाइलवरील चित्र पाहून तर कधीच घेऊ नये.

घरच्या आणि वाड्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्यावी व वर्षाला एकदा रेबीजची लस द्यावी. दोन्ही गोष्टी न करता दया दाखविणे म्हणजे अर्धीच दया होय.

आपल्या संस्थेनेही या महोत्सवी वर्षात काही करावे असे आम्हांस वाटते. शाळांतून बक्षिसे देताना प्राणीदयेवरील निबंधास एक बक्षीस ठेवता येईल. पशुवैद्यकीय खात्याशी बोलून दोन्ही तालुक्यांत एकेक लसीकरणाचा दिवस ठरविता येईल. जागा आणि जेवण आपले, वैद्य त्यांचे. ज्या सभासदांची दुकाने आहेत त्यांनी पिल्ले न विकण्याचे आपणहून ठरविले, तर त्यांची नावे पुढील वार्षिक अहवालात मानाने छापावीत. यास फारसा पैसा लागत नाही.

धर्मादाय म्हणजे केवळ पैसा देणे, असा समज आहे. संस्थापकांनी ही संस्था काढली ती ज्यांना आपले गाऱ्हाणे मांडता येत नव्हते अशांसाठी: फी नसलेला विद्यार्थी, औषध नसलेली विधवा. पिंजऱ्यातील त्या मुक्या आईला तर गाऱ्हाणे मांडण्याची वाचाच नाही. तिच्या वतीने आपण एवढेच करावयाचे आहे की तिचे पिल्लू विकत घ्यावयाचे नाही.

आमच्या पडवीतील कुत्र्याला कागद नाही, किंमत नाही, जात नाही. त्याची आई मात्र अजून शेजारच्या गोठ्यात आहे. सकाळी तो कुंपण ओलांडून तिच्याकडे जातो आणि पेजेच्या वेळी परत येतो. आमचा मुलगा आता मोठा झाला आहे. पशुवैद्यांकडे लस टोचावयास तोच त्याला घेऊन जातो, आणि त्यांनी विचारले तर तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो.